कुत्र्या-मांजरांची रेबीजची लस: वय, तारखा आणि कागदपत्रं

रेबीजचं इंजेक्शन टोचून झालं, तरी तुमचा कुत्रा कागदोपत्री ‘लस न घेतलेला’ ठरू शकतो. टोचलं तेव्हा पिल्लू ठरलेल्या वयापेक्षा दोन आठवड्यांनी लहान होतं, चिप (कातडीखाली बसवायची, ओळख क्रमांकाची मायक्रोचिप) लसीनंतर बसवली, बूस्टरची म्हणजे पुढच्या डोसची तारीख हुकली, लसीच्या पुस्तिकेत बॅच नंबर लिहायचाच राहिला. यातलं एखादं कारणही पुरतं. एरवी हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ध्यानात येतं ते कुत्रा कुणाला चावल्यावर, नाहीतर विमानतळाच्या काउंटरवर, आणि तेव्हा हातात वेळ नसतो. म्हणून या लेखात लसीइतकंच तारखांबद्दल आणि कागदाबद्दल लिहिलं आहे.

या एकाच लसीला कायदा का चिकटला

पार्व्हो, डिस्टेंपर, मांजरांचा फ्लू यांच्या लसी द्यायच्या की नाही, हे बहुतेक ठिकाणी मालक आणि पशुवैद्य मिळून ठरवतात. रेबीजचं तसं नाही. हा विषाणू लाळेतून, चाव्यातून किंवा ओरखड्यातून अंगात शिरतो, रक्तातून न फिरता मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो आणि तिथून लाळग्रंथींत उतरतो. लक्षणं दिसू लागली की माणूस काय, जनावर काय, जवळजवळ कुणीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात. त्यांतली सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्यामुळे झालेला असतो.

थोडक्यात, कुत्र्याला टोचलेली लस कायद्याच्या नजरेत माणसांसाठी असते. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते, असं मानलं जातं. ‘आमचा टॉमी घराबाहेर जातच नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच कुठल्या अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

आधी तुमच्या ठिकाणचा नियम विचारून घ्या

सगळीकडे एकच नियम नाही. देश बदलला की नियम बदलतो. एकाच देशात राज्य बदललं की बदलतो, कधी तर शहर बदललं तरी बदलतो. पिल्लू घरी आणण्याआधी, नाहीतर आणल्या आणल्या, स्थानिक प्रशासनाकडे किंवा पशुवैद्याकडे एवढं विचारून घ्या: सक्ती फक्त कुत्र्यांना आहे की मांजरांनाही? पहिली लस कितव्या आठवड्यापर्यंत झालीच पाहिजे? तीन वर्षांची लस चालते की दरवर्षी टोचावीच लागते? पाळीव प्राण्याचा परवाना किंवा नोंदणी या लसीशी जोडलेली आहे का? चिप सक्तीची आहे का?

तिसऱ्या प्रश्नावर लोक जास्त फसतात. बाटलीवर ‘तीन वर्षं’ लिहिलेलं असतं, पण स्थानिक नियम दरवर्षीचा असेल तर चालतो तो नियमच. जपानमध्ये १९५० च्या रेबीज प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला आजही दरवर्षी लस द्यावी लागते, आणि तिथे तर १९५७ नंतर एकाही स्थानिक जनावराला रेबीज झालेला नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी आहे. लस नोंदणीकृत पशुवैद्याने, किंवा त्याच्या देखरेखीखाली, दिलेली असावी लागते. औषधाच्या दुकानातून बाटली आणून घरीच टोचली, तर प्राण्याच्या अंगात प्रतिकारशक्ती कदाचित तयार होईलही. दाखला मात्र मिळणार नाही, आणि दाखला नाही तर लस नाही.

पहिला डोस: बारा आठवड्यांचं गणित

पिल्लाला आईच्या चिकातून, म्हणजे पहिल्या दुधातून, तयार प्रतिपिंडं मिळतात. ती पिल्लाला वाचवतात, पण बाहेरून टोचलेली लसही निकामी करू शकतात. त्यांचा जोर साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. म्हणून बहुतेक देशांत रेबीजच्या पहिल्या ‘ग्राह्य’ डोसचं किमान वय १२ आठवडे धरतात. हे पिल्लू कुत्रीचं असो की मांजरीचं, हिशेब तोच.

इथे दिवस मोजावे लागतात. ‘तीन महिन्यांचा झाला’ असं तोंडी म्हणून भागत नाही, कारण १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. पिल्लू १ जानेवारीला जन्मलं असेल (आणि ते लीप वर्ष नसेल) तर ८४ दिवस २६ मार्चला भरतात. २० मार्चला टोचलेली लस घरच्या घरी ठीक वाटेल, पण जिथे १२ आठवड्यांची अट आहे तिथे ती धरली जाणार नाही.

मग रेबीज भरपूर असलेल्या भागात बारा आठवडे नुसती वाट बघायची का? नाही. मोहिमांमध्ये लहान पिल्लांनाही लस देतात आणि ते योग्यच आहे, कारण लहान मुलं सगळ्यात जास्त पिल्लांशीच खेळतात. फक्त तो डोस वरचा, जादाचा समजायचा आणि १२ आठवडे झाल्यावर पुन्हा टोचून तीच तारीख पहिली म्हणून लिहायची. असाच जोखमीचा भाग असेल तर बाराव्या आठवड्याच्या डोसनंतर २ ते ४ आठवड्यांनी दुसरा डोसही देतात. काही पिल्लांच्या शरीराची पहिल्या डोसला हवी तशी साथ मिळत नाही, ती उणीव दुसरा डोस भरून काढतो. पुढेमागे परदेशी जायची शक्यता असेल तर हा दुसरा डोस विसरू नका. त्याचं कारण पुढे येईल.

मोठा कुत्रा किंवा मांजर दत्तक घेतलं आणि जुनी कागदपत्रं नाहीत, तर ‘बहुतेक टोचलेलं असेल’ असं धरून चालू नका. लस झालीच नाही असं समजून एक डोस द्यायचा. आधी झालेली असली तरी पुन्हा दिल्याने सहसा बिघडत नाही.

दवाखान्यात

आजारी, तापलेल्या, जुलाब होणाऱ्या पिल्लाला त्या दिवशी टोचत नाहीत. जास्त मात्रेत स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर तपासणीआधीच सांगा. लस लागू पडण्यावर त्यांचा परिणाम होतो. गाभण मादीची लस शक्यतो आधी उरकावी किंवा नंतर द्यावी, पण आसपास रेबीजचा धोका खरा असेल तर निर्जीव विषाणूची लस गाभणपणातही देतात. तो निर्णय पशुवैद्याचा.

पाळीव कुत्र्यांना आज टोचतात त्या लसी निर्जीव विषाणूंपासून बनवलेल्या असतात. मांजरांसाठी कॅनरीपॉक्स विषाणूच्या आधाराने बनवलेली आणखी एक लस मिळते, तीतही रेबीजचा जिवंत विषाणू नसतो. तेव्हा ‘लसीनेच पिसाळला’ हे शक्य नाही. ही भीती जुनी आहे आणि अगदीच निराधार नव्हती: पूर्वी कमजोर केलेल्या जिवंत विषाणूच्या लसी वापरात होत्या आणि त्यांच्यामुळे क्वचित असं झालेलंही आहे.

मात्रा बहुतेक लसींची १ मिलिलिटर. चिवावालाही तेवढीच, ग्रेट डेनलाही तेवढीच. ‘कुत्रा छोटा आहे, अर्धीच द्या’ असा आग्रह धरू नका. अर्ध्या मात्रेने संरक्षणाची हमी नाही आणि कायद्याच्या दृष्टीने ती लसच नव्हे. बाटली २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवलेली हवी, गोठलेली चालत नाही. टोचण्याआधी बाटली हातात घेऊन नाव आणि मुदत बघायला लाजू नका, चांगला पशुवैद्य ती स्वतःहून दाखवतो. काही लसींचा द्रव गुलाबीसर असतो, त्याने घाबरू नका.

टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या, धाप लागणं ही ॲलर्जीची लक्षणं बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत दिसतात आणि त्यांवर लगेच उपचार करता येतात. एखादा दिवस मरगळ, थोडा ताप, टोचलेली जागा दुखणं हे नेहमीचं आहे. पूर्वी अशी तीव्र ॲलर्जी झालेली असेल तर पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

मांजरांच्या बाबतीत

मांजरांकडे दुर्लक्ष होतं. ‘घरातच असते, हिला कोण चावणार?’ वटवाघळं खिडकीतून आत येतात, आणि फडफडणारं काही दिसलं की मांजर आधी झडप घालतं. जिथे कुत्र्यांतला रेबीज लसीकरणाने हटवला आहे, तिथे मांजरं मागे राहिलेली दिसतात. अमेरिकेत दरवर्षी रेबीज झालेल्या कुत्र्यांपेक्षा रेबीज झालेल्या मांजरांची नोंद जास्त होते.

मांजरवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट ध्यानात ठेवायची. फार क्वचित, दर दहा हजारांत एखाद्या मांजरात किंवा त्याहूनही कमी, इंजेक्शनच्या जागी पुढे सार्कोमा नावाची कर्करोगाची गाठ होते. त्यामुळे पशुवैद्य मांजराला मानेच्या मागे न टोचता पायात, शक्य तितकं खाली टोचतात. बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस उजव्या मागच्या पायातच देण्याचा शिरस्ता आहे, म्हणजे गाठ आलीच तर कुठल्या लसीची ते कळतं आणि शस्त्रक्रियाही करता येते. लसीनंतर छोटी गाठ येऊन जिरणं साधं आहे. ती ३ महिन्यांनंतरही टिकून राहिली, २ सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा लसीनंतर १ महिना उलटला तरी वाढतच असेल, तर तुकडा काढून तपासून घ्यायचा. या तिन्हींपैकी एक खूण पुरे. दर आठवड्याला कुरवाळताना त्या पायावरून बोटं फिरवली की झालं. या भीतीने लसच टाळणं मात्र चुकीचं आहे.

दाखला वाचायला शिका

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. लोक पुस्तिका घेतात, खिशात घालतात आणि घरी जातात. काउंटर सोडायच्या आधी दोन मिनिटं उभं राहून ती वाचा.

प्राण्याचं वर्णन त्याला ओळखता येईल इतकं हवं: जात किंवा ‘मिश्र’, नर की मादी, रंग, जन्मतारीख किंवा अंदाजे वय. मालकाचं नाव-पत्ता. चिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक, आणि तो हाताने लिहिलेला असेल तर अंक न् अंक ताडून बघायचा. ३ चा ८ झाला तरी दाखला दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो. लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि मुदत. बाटलीवर सोलून काढता येणारं छोटं लेबल असतं, ते पुस्तिकेत चिकटवतात आणि पशुवैद्याची सही किंवा शिक्का अर्धा लेबलवर, अर्धा कागदावर येईल असा मारतात, म्हणजे लेबल काढून दुसरीकडे लावता येत नाही. टोचल्याची तारीख. आणि ‘कधीपर्यंत ग्राह्य’ ही तारीख, जी बहुतेक वेळा कोरी असते. ती भरून घ्याच. शेवटी पशुवैद्याचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का.

‘पुढची लस’ या रकान्यातली तारीख आणि ‘ग्राह्य’ची तारीख एक नसू शकते. पुढची लस आठवणीसाठी असते. अधिकारी बघतात ती ग्राह्य तारीख.

पुस्तिकेचे फोटो काढून ठेवा, पण मूळ प्रत जपा. परदेशी जाताना फोटो चालत नाही. कॉलरला अडकवायचा बिल्ला मिळाला तर तो सोय म्हणून ठीक. बिल्ला म्हणजे दाखला नव्हे.

किती दिवसांनी ‘लस झालेला’ मानतात

पहिल्या डोसनंतर लगेच नाही. शरीराला प्रतिपिंडं बनवायला वेळ लागतो. युरोपीय संघ २१ दिवस धरतो, अमेरिकेतले पशु-आरोग्य अधिकारी २८ दिवस. तोपर्यंत पिल्लाला भटक्या जनावरांपासून दूर ठेवायचं. वेळेत घेतलेल्या बूस्टरला ही वाट बघावी लागत नाही, तो टोचल्या दिवसापासून चालू धरतात.

पहिल्या डोसनंतर वर्षाच्या आत दुसरा, ही पद्धत जवळजवळ सगळीकडे आहे, मग बाटलीवर तीन वर्षं लिहिलेलं का असेना. त्यानंतर लसीच्या परवान्यानुसार आणि स्थानिक नियमानुसार दर वर्षी किंवा दर तीन वर्षांनी.

तारीख हुकली तर काय होतं, हे कुठे आहात त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुदत उलटलेल्या प्राण्याला एक बूस्टर दिला की तो लगेच पुन्हा ‘चालू’ होतो. युरोपीय संघात एका दिवसाचा खंड पडला तरी पुढची लस पहिली धरतात आणि २१ दिवस नव्याने मोजतात. प्रवास करणाऱ्याने बूस्टर मुदतीच्या दोन-तीन आठवडे आधीच उरकावा; थोडं लवकर टोचल्याने काही जात नाही.

‘रक्त तपासून प्रतिपिंडं बघू, भरपूर असतील तर लस नको’ असंही काही जण सुचवतात. कल्पना शहाणपणाची वाटते, पण बहुतेक कायदे टायटर चाचणीला (रक्तातली प्रतिपिंडं मोजणाऱ्या या तपासणीला) लसीच्या ऐवजी धरत नाहीत. आजारपणामुळे लस देणं खरोखरच धोक्याचं असेल तर काही ठिकाणी पशुवैद्याच्या लेखी शिफारशीवर सूट मिळते. ही सूट फक्त दंडापासून वाचवते. असा प्राणी कुणाला चावला किंवा त्याला पिसाळलेलं जनावर चावलं, तर त्याला लस न घेतलेला म्हणूनच वागवतात.

परदेशी न्यायचं असेल तर

इथे क्रम चुकला की महिने वाया जातात. क्रम असा: आधी चिप, मग लस, मग (लागत असेल तर) रक्त, मग वाट, शेवटी आरोग्य प्रमाणपत्र.

चिप आधी का, तर लस याच कुत्र्याला टोचली हे सिद्ध करण्यासाठी. युरोपीय संघाच्या नियमानुसार लसीची तारीख चिपच्या तारखेआधीची असेल तर ती लस धरतच नाहीत. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण सुई आधी चिपची, मग लसीची. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी असावी. बसवल्यावर आणि पुढच्या प्रत्येक भेटीत स्कॅनर फिरवून आकडा वाचून घ्या. चिप कधीकधी खांद्याजवळून खाली सरकते, म्हणून स्कॅनर छातीपर्यंत आणि पुढच्या पायांपर्यंत फिरवावा लागतो.

रक्ताची टायटर चाचणी कुणाला लागते? ज्या देशांना युरोपीय संघ रेबीजच्या बाबतीत आपल्या यादीत धरत नाही, तिथून येणाऱ्यांना. जपान आणि ऑस्ट्रेलियासारख्या रेबीजमुक्त देशांत जाणाऱ्या बऱ्याच प्राण्यांनाही. मर्यादा सगळीकडे एकच: प्रति मिलिलिटर किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक. प्रयोगशाळा त्या देशाने मान्य केलेली हवी आणि नमुन्याच्या अर्जावर चिपचा क्रमांक हवाच.

वरचं १ जानेवारीचंच पिल्लू घ्या. २६ मार्चला चिप आणि लस. यादीतल्या देशातून युरोपात जायचं असेल तर २१ दिवस मोजून १६ एप्रिलपासून दार उघडं. यादीबाहेरच्या देशातून जायचं असेल तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी, म्हणजे २५ एप्रिलला रक्त, आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबून २५ जुलै. जपानचा हिशेब वेगळा: पहिली लस ९१ दिवसांनंतर, म्हणजे २ एप्रिलला धरू, दुसरी किमान ३० दिवसांनी, २ मे, रक्त त्याच दिवशी दिलं तर तिथून १८० दिवस, २९ ऑक्टोबर. शिवाय येण्याच्या ४० दिवस आधी जपानच्या अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. थोडक्यात, जपानला न्यायचं तर पिल्लू दहा महिन्यांचं होईपर्यंत थांबायची तयारी ठेवा. कागद पूर्ण नसताना प्राणी जपानला पोहोचला, तर उरलेले दिवस तो तिथल्या क्वारंटाइन केंद्रात काढतो, १८० दिवसांपर्यंत, मालकाच्या खर्चाने.

ऑस्ट्रेलियातही टायटरनंतर १८० दिवसांची अट आहे. वर मेलबर्नजवळ मिकलहॅम इथल्या केंद्रात मुक्काम ठरलेला: प्राण्याची ओळख टायटरच्या आधी अधिकृत पशुवैद्याकडून पडताळून घेतली असेल तर १० दिवस, नाहीतर ३०.

टायटर नापास झाली म्हणजे लस खोटी होती असं नाही. एकाच डोसनंतर प्रतिपिंडं साधारण चार ते सहा आठवड्यांत शिगेला पोहोचतात आणि मग उतरू लागतात. लसीनंतर चार-पाच महिन्यांनी रक्त दिलं तर तरुण कुत्रा ०.५ च्या खाली सापडू शकतो. मघाशी दुसरा डोस विसरू नका म्हटलं ते यासाठी: दोन डोस झालेले असले की पास होण्याची शक्यता बरीच वाढते. युरोपीय संघात एकदा पास झालेली टायटर बूस्टरमध्ये खंड पडेपर्यंत कायम चालते. एक तारीख चुकवली की रक्त, तीन महिने, सगळं पुन्हा.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. येणारा कुत्रा किमान ६ महिन्यांचा, चिप बसवलेला हवा आणि त्याचा आयात अर्ज भरलेला हवा. रेबीजचा धोका जास्त मानलेल्या देशांत मागचे ६ महिने राहून आला असेल तर लसीचे वेगळे, कडक कागद लागतात. मांजरांना मात्र तिथे संघराज्याच्या पातळीवर रेबीजच्या दाखल्याची अट नाही, राज्यांची आणि विमान कंपन्यांची असू शकते.

तिकीट काढण्याआधी ज्या देशात जायचंय त्याच्या सरकारी संकेतस्थळावरचा नियम वाचा, त्या वर्षीचा. ओळखीच्या कुणी मागे काय केलं होतं यावर विसंबू नका. आणि मधे विमान बदलणार असाल तर त्या देशाचाही नियम बघा.

तुमच्या प्राण्याला कुणी चावलं तर

हातमोजे घाला, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. दुसऱ्या जनावराची लाळ तुमच्या प्राण्याच्या केसांना लागलेली असू शकते, म्हणून उघड्या हाताने चाचपू नका. लस चालू असेल तर लगेच बूस्टर देतात आणि प्राण्याला घरातच नजरेखाली ठेवतात. अमेरिकेत ही मुदत ४५ दिवसांची आहे. कधीच लस झालेली नसेल तर तिथे कुत्र्या-मांजरांना चार महिने कडक विलगीकरणात ठेवतात, नाहीतर दयामरण. वेगवेगळ्या देशांत चाव्यानंतर डोसांची मालिका देण्याच्याही पद्धती आहेत, पण आधी एकही लस न झालेल्या प्राण्यात त्यांचा भरवसा देता येत नाही. एका चुकलेल्या डोसचा फरक पंचेचाळीस दिवस आणि मरण यांत पडतो तो असा.

आणि तुमचा प्राणी कुणाला चावला तर

चावलेल्या माणसाची जखम आधी: साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं, मग पोव्हिडोन आयोडीन, आणि तडक डॉक्टर. हळद, तिखट, चुना काहीही भरायचं नाही. कुत्र्याची लस झालेली आहे हे डॉक्टरांना जरूर सांगा, दाखला दाखवा, पण ‘आमच्या कुत्र्याची लस झालीय, तुम्हाला नको’ असं चावलेल्याला सांगू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. ओरखडा किंवा खरचटणं असलं तरी दाखवायचंच. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागू शकतं.

मग तुमच्या प्राण्यावर १० दिवस नजर. हा आकडा ठरण्यामागे कारण आहे. कुत्र्या-मांजरांच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या फार तर काही दिवस आधी येतो आणि लक्षणं आली की प्राणी थोड्याच दिवसांत मरतो. चावल्यानंतर दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. जिवंत प्राण्यात रेबीज नक्की नाही असं सांगणारी चाचणी नाही, मेल्यावर मेंदूच तपासावा लागतो, म्हणून या दहा दिवसांना एवढं महत्त्व. या काळात त्याला लस टोचायची नाही, कारण लसीची मरगळ आणि रोगाची सुरुवात यांत गोंधळ होतो. कुणाला देऊन टाकायचं नाही, गावी पाठवायचं नाही, मोकळं सोडायचं नाही.

काय बघायचं? स्वभावातला बदल. माणसाळलेला कुत्रा कोपऱ्यात दडून बसतो, किंवा नेहमी घाबरट असलेला अंगावर येतो. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो. मागचे पाय लटपटतात. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे खालचा जबडा लोंबणं आणि लाळ गळणं: पिसाळलेला म्हटला की लोकांना धावून येणारा कुत्रा आठवतो, हा मात्र शांत बसलेला असतो, आणि ‘घशात हाड अडकलंय वाटतं’ म्हणून मालक त्याच्या तोंडात हात घालतो. लाळ गळतेय आणि गिळता येत नाहीये, असं दिसलं तर हात घालू नका. खोलीचं दार बंद करा आणि पशुवैद्याला फोन करा.

दाखला हरवला, मालक बदलला

दाखला हरवला तर ज्याने लस दिली त्या दवाखान्याच्या नोंदीतून दुसरी प्रत मिळते, म्हणून दवाखाना बदलताना जुन्या नोंदींची प्रत मागून घ्या. दवाखानाच बंद झाला आणि नोंद कुठेच नाही, तर पुन्हा टोचून नव्या तारखेपासून मोजायला लागायचं. नवा मालक प्राणी घेताना मूळ पुस्तिका घेतो, चिपचा क्रमांक समोर स्कॅन करून ताडतो आणि चिपच्या नोंदणीत आपलं नाव-फोन बदलून घेतो. चिपमध्ये फक्त आकडा असतो. तो कुणाचा हे नोंदणीत असतं, आणि तिथे जुन्याच मालकाचा बंद पडलेला फोन नंबर राहिला तर चिपचा उपयोग नाही.